माळ्यावरच्या पंधरा बायका

आमच्या कॉलेजात सगळ्या खोल्यांतून इंटरनेटची निळी वायर फिरवलेली आहे. सरांच्या खोलीतली वायर सरांनी भिंतीतून उपसून काढली, दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधली आणि पावसाळाभर तिच्यावर ते आपला रेनकोट वाळत घालू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सगळ्या कॉलेजात हीच एक वायर रोज कामाक येता."

सर मोरजीचे. तिथून रोज स्कूटरवर डिचोलीला यायचे आणि स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. मधल्या सुट्टीत एक उंडा, म्हणजे गोल पाव, आणि दोन केळी, आधी केळी, मग उंडा, ह्यात कधी बदल नाही. मी त्याच कॉलेजात चहा करते आणि खोल्या झाडते. माझी चहाची खोली आणि सरांची कॉम्प्युटरची खोली यांच्यामध्ये एक जनेल, म्हणजे खिडकी आहे, त्याला दार नाही. त्यामुळे सरांचा प्रत्येक तास मला ऐकू यायचा. शाळा मी चौथीत सोडली. पुढचं जे काही शिकले ते त्या जनेलातून, दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा टोपावर ठेवून.

ती खोली एका पावसात सरांच्या हातून जाणार होती. ती कशी राहिली ते मला लिहून ठेवायचं आहे. पण सर कसे होते ते ठाऊक नसलं तर त्यातलं काहीच खरं वाटणार नाही, म्हणून आधी सर.

सर मुलांना कॉम्प्युटरची एक भाषा शिकवायचे. तिचं नाव एकाच अक्षराचं, आर. ही भाषा आकडे कुटते, दळते, त्यांची चित्रं काढते. आता कुटायला आकडे तर हवेत. दुसरे मास्तर ते इंटरनेटवरून घ्यायला लावतात, नाहीतर मुलांना वाड्यावाड्यावर पाठवून घरोघर विचारायला सांगतात. सरांचं तसं नव्हतं. ज्यांनी ही भाषा बनवली त्यांनी तिच्या पोटात आकड्यांचे तयार गठ्ठे घालून ठेवले आहेत, शिकणाऱ्याच्या हाताशी असावेत म्हणून. सर तेवढेच वापरायचे. "बाहेरचा माल नाका," म्हणायचे. "बाहेर धूळ आसता."

तास सुरू झाला की ते उभे राहून म्हणायचे, "डेटा. कंस उघडा. कंस मिटा." मुलांनी तेवढं टाइप केलं की पडद्यावर सगळ्या गठ्ठ्यांची यादी यायची आणि सर ती मोठ्याने वाचायचे. रोज आणि सगळी. यादीच्या वर विमानातले प्रवासी, तळाला बायका. मध्ये कोंबडीची पिल्लं, उंदरासारख्या कुठल्याशा जनावराचे दात, फुलांच्या पाकळ्या, नद्या, झाडांचे घेर, जमिनीतून मध्येच उसळणारं गरम पाणी. नावं इंग्रजी, पण सरांच्या सुरात ती आरतीसारखी व्हायची. मागच्या बाकावरच्या मुली हळूच टाळ्यांचा ठेका धरायच्या. सरांना ते ऐकू जायचं आणि त्यांना वाटायचं, वर्ग रंगला.

यादी संपली की पुढचं वाक्य ठरलेलं. "नाव दिसलां म्हणजे माणूस आयलो न्हय. आधी बोलवा, मग बघा." म्हणजे जो गठ्ठा पाहिजे त्याचं नाव त्या कंसात घालून त्याला रीतसर बोलवायचं आणि मगच तो उघडायचा. एखादा मुलगा घाईत न बोलावता नुसतं नाव टाइप करी आणि आकडे तरीही समोर येत. मग सर चिडत. "येतत म्हणून काय झालां? शेजाऱ्याच्या घरात दार न वाजवता शिरलंस तरी शिरता येता. बरां दिसता?"

हा नियम सर सगळीकडे लावायचे. माझ्या जनेलाशी येऊन आधी "बाय" म्हणायचे. मी वळून बघेपर्यंत थांबायचे. मग "च्या". बाय आणि च्या एका दमात कधी नाही. क्लार्कला एकदा मस्टर हवं होतं आणि त्याने ते रजिस्टर म्हणून मागितलं. मस्टर सरांच्या काखेतच होतं. सर म्हणाले, "सापडलां नाही." क्लार्क बिचारा कपाटांच्या मागे हात घालून बसला.

यादीबाहेरचं जग सरांना दिसायचंच नाही. मी मयेची. मये तळं बघायला बसेस भरून माणसं येतात, सर इतकी वर्षं डिचोलीला येऊन तिकडे फिरकले नव्हते. पण अमेरिकेतल्या एका तळ्याचं पाणी कुठल्या वर्षी किती चढलं ते त्यांना पाठ, कारण ते यादीत होतं. त्यांच्या मोरजीला थंडीत समुद्रातून कासवं येतात, रेतीत अंडी घालतात. ती राखायला, मोजायला कुठून कुठून पोरं येऊन राहतात. मी विचारलं, "सर, तुम्ही बघितलीत?"

"ना."

"घराच्या मागेच तर समुद्र."

"यादीत नात गो ती," सर म्हणाले, आणि केळं सोलायला लागले.

शिकवायला पहिला गठ्ठा कायम शेवटचा घ्यायचे. विमेन. पंधरा अमेरिकन बायका, त्यांची उंची आणि त्यांचं वजन. एकीचंही नाव नाही. दर जूनला नवी मुलं यायची आणि दर जूनला जनेलापलीकडे त्या पंधरा जणी येऊन उभ्या राहायच्या, बुटकीपासून उंचीपर्यंत, ओळीने. मला त्यांची सवय झाली. एकदा कप उचलताना मी धीर करून विचारलं, "सर, त्यांच्यात बुटकी आणि जाडी अशी एकपण नाही? आमच्या जावेसारखी? जी उंच तीच जड, असं कसं?"

विचारून झाल्यावर वाटलं, आता हसतील. सरांनी मात्र सगळा उंडा खाऊन होईपर्यंत विचार केला. "तुजी जाव बरोबर आसा. पण त्यो बायलो न्हय गो. एकेक म्हणजे सरासरी. एकेकीच्या पोटात किती बायलो आसत कोण जाणां."

"मग जड होणारच," मी म्हटलं.

सर इतके हसले की चष्मा चहात पडला. तो मी धुवून दिला. त्या दिवसापासून ते माझ्याशी चहापलीकडचं बोलू लागले.

पुढच्या एप्रिल महिन्यात मी चहाच्या खोलीत मिरच्या निवडत बसले होते. पाऊस लागायच्या आधी आमच्या गोव्यात घरोघर पुरूमेंत भरतात. सुकी मासळी, सोलां, चिंच, मिरच्या, मिठातले आंबे, फणसाचे पापड, सगळं बरण्यांतून भरून माळ्यावर चढवायचं. एकदा पाऊस धरला की बाजार कधी बंद, वाट कधी पाण्याखाली, सांगता येत नाही. माळ्यावर बरणी असली की बाई निश्चिंत. मी सरांना सहज म्हटलं, "तुमचे ते गठ्ठे म्हणजे पुरूमेंतच की."

सर चहा तसाच ठेवून वर्गात गेले. त्या दिवसापासून त्यांची भाषाच बदलली. यादी मागवायची म्हणजे "माळ्यार बघा". गठ्ठा बोलवायचा म्हणजे "बरणी काढा". आणि कुणा मुलाने खेळता खेळता आकडे बिघडवून रडकुंडीचं तोंड केलं की सर अगदी शांतपणे म्हणायचे, "ताटातलां बिघडलां? परत काढ. बरणीतल्याक काय जावंक ना." खरंच तसं व्हायचं. तोच हुकूम परत दिला की बिघडलेलं पुसलं जाई आणि मूळचं जसंच्या तसं समोर येई. ताटात तुम्ही काही चांगलं वाढून घेतलं असलं तर तेही पुसलं जाई, पण ह्याचा सरांनी कधी विचार केला नव्हता. मूळ बरणीत सुधारणा करणारा त्यांच्या मते अजून जन्माला यायचा होता. संध्याकाळी बंद होताना कॉम्प्युटर विचारायचा, आजचं काम ठेवू का? सर "नको" दाबायचे. "ताट धुवून ठेवूचां," म्हणायचे.

पोपटांचंही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. यादीत कोंबडीच्या पिल्लांचा एक गठ्ठा आहे. कुठल्या खाण्यावर पिल्लं किती वजनाला भरली त्याचा. सरांनी एकदा विचारलं, तू कोंबड्यांना काय घालतेस? मी म्हटलं, कोंडा, उरलंसुरलं, आणखी काय? सरांचा चेहरा पडला. रविवारी ते सूर्यफुलाच्या बियांची पिशवी आणि स्वयंपाकाचा लहान वजनकाटा घेऊन मयेला माझ्या दारात हजर.

सासूबाई बालकांवात, दारापुढच्या बाकावर बसल्या होत्या. "हो खंयचो गो? कोंब्यांचो दोतोर?"

"आमच्या कॉलेजचे सर."

"कॉलेजात कोंबे शिकतत?"

सरांनी अंगणात बिया पसरल्या. कोंबड्या आल्या, माना वाकड्या करून बघून गेल्या. मग समोरच्या माडावरून पोपटांचा थवा उतरला आणि त्यांनी अंगण साफ केलं. सर हातात काटा धरून उभे. एका पोपटाने तर काट्यावर बसून खाल्लं.

"त्याचां वजन करा," सासूबाई म्हणाल्या.

सर फार दुखावले. स्कूटरला लाथ मारताना मला म्हणाले, "बाय, त्या गठ्ठ्यात पोपट नासले. म्हणून मी बाहेरचां घेय ना. बाहेर कायम पोपट येतत."

मग नव्या प्राचार्य मॅडम आल्या. उंच, धिप्पाड, आणि चालल्या की व्हरांडा जागा व्हायचा. मनाने वाईट नव्हत्या. पण कुणीतरी कॉलेजला व्यायामाची यंत्रं भेट दिली होती. एक पळायचा पट्टा आणि दोन सायकली प्लास्टिकमध्ये गुंडाळून व्हरांड्यात उभ्या होत्या, आणि मॅडमना त्यांच्यासाठी मोठी खोली हवी होती. मोठी खोली एकच, सरांची. त्यातून कॉलेज तपासायला कमिटी यायची होती. मॅडमनी सरांना सांगितलं, "तुमची खोली जुनी दिसते, सर. कमिटीला काहीतरी लाइव्ह दाखवा, इंटरनेटवरचं. ते म्हणाले ठीक, तर खोली तुमची. नाहीतर मला ती घ्यावी लागेल."

खोली गेली की विषय गेला, आणि विषय गेला की सरांना निवृत्तीपर्यंत दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजात पुस्तकातून शिकवायला पाठवणार, हे क्लार्कने चहा पिताना सगळ्यांना सांगितलं. तो मस्टर विसरला नव्हता.

सर जनेलाशी आले. "बाय."

मी वळले.

ते च्या म्हणालेच नाहीत. म्हणाले, "ही खोली गेली तर म्हाका बोलवपी कोण उरना गो."

मी चहा दिला. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती होती. त्या जनेलातून मग पळायच्या पट्ट्याचा आवाज आला असता.

त्याच दिवसांत सुचिता म्हणून वर्गातली एक मुलगी सरांना म्हणाली, "सर, दरवर्षी अमेरिकेतल्याच बायका कशाला? आपल्याच मोजूया ना."

"पोपट येतत," सर म्हणाले. तिला काही कळलं नाही.

पण मुलगी हट्टी. तिने आणि तिच्या मैत्रिणीने सरांना न सांगता काम सुरू केलं. कॅन्टीनमध्ये तांदळाची पोती तोलायचा काटा आहे, त्यावर एकेका बाईला नेऊन उभं करायचं. भिंतीला पट्टी लावून उंची. शिकवणाऱ्या बाया, लायब्ररीची बाई, कॅन्टीनच्या दोघी. कुणी हसत आल्या, कुणी म्हणाल्या जेवायच्या आधी मोजा. प्राचार्य मॅडमना काट्यावर चढा कोण सांगणार? त्यांचा आकडा पोरींनी अंदाजाने टाकला. चौदा झाल्या आणि पंधरावी मिळेना. मग त्या माझ्याकडे आल्या.

"मावशी, तुम्ही या ना."

"माझं वजन कशाला गो? मला कोण ओळखतं?"

"म्हणून तर," सुचिता म्हणाली. "त्या अमेरिकेतल्या बायकांना नावंच नाहीत. आपल्या यादीत सगळ्यांची नावं घालणार."

मी चपला काढून काट्यावर उभी राहिले. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कुणी मला तोललं. आकडा मी इथेही लिहिणार नाही.

पोरींनी ती यादी बुटकीपासून उंचीपर्यंत लावून सरांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर घातली आणि नावही तेच दिलं, विमेन. सर उद्या त्या बायका बघायला जातील आणि समोर आपल्या बायका येतील, अशी मजा. सरांनी रीतसर बोलावलं की जुनी बरणी निघणार आणि त्यांच्या बायका पुसल्या जाणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बंद करताना कॉम्प्युटरने विचारलं, ठेवू का? त्यांनी "हो" दाबलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणालाही आधी न कळवता, कमिटी आली.

पाऊस असा होता की पोर्चमध्येसुद्धा छत्री लागत होती. इंटरनेट पहाटेपासून मेलं होतं. कॉमर्सवाल्यांच्या भिंतीवर नुसतं गोल फिरणारं चाक, सायन्सवाल्यांच्याही भिंतीवर तेच चाक. मॅडमचा चेहरा उतरत गेला. कमिटीत दोन माणसं, एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि एक बारीक अंगाच्या बाई. फिरत फिरत सगळे सरांच्या खोलीत आले. मी वडे आणि चहाचा ट्रे घेऊन मागे. पाहुण्यांसमोर मी कधी तोंड उघडत नाही. ट्रे ठेवायचा आणि भिंतीला लागून उभं राहायचं.

सर उठले. रेनकोट वायरवर ठिबकत होता. "डेटा," त्यांनी सुरुवात केली. "कंस उघडा..."

"सर," मॅडम हळूच म्हणाल्या, "आज ती आरती नको. वेळ नाही. थेट दाखवा."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग वायरकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी यादी वाचली नाही, बरणी काढली नाही, नुसतं नाव टाइप केलं आणि पाहुण्यांकडे तोंड करून वळले. पडदा त्यांच्या पाठीमागे.

पडद्यावर माझं नाव आलं. इंग्रजी मला फारसं येत नाही, पण माझं नाव मी दर महिन्याला मस्टरवर बघते.

"ह्या पंधरा बायका," सर म्हणाले, "अमेरिकेतल्या."

पडद्यावर लायब्ररीची बाई होती. कॅन्टीनच्या दोघी होत्या.

"ह्यांतल्या एकीलाही मी कधी पाहिलेलं नाही. पण इतकी वर्षं ह्यांनी मला एकदाही फसवलेलं नाही."

मागच्या बाकावर सुचिताने तोंडावर ओढणी घेतली. गृहस्थ वडा खात होते. बारीक बाई चष्मा शोधत होत्या. आणि सर, मागे न बघता, हात लांब करून पडद्याच्या तळाशी बोट लावून म्हणाले, "आता ही शेवटची बघा. सगळ्यांत उंच, आणि सगळ्यांत वजनदार."

तिथे प्राचार्य मॅडमचं नाव होतं.

मॅडमनी ते वाचलं. मी त्यांना वाचताना बघितलं. बारीक बाईंना चष्मा सापडला, त्या तो पुसू लागल्या. सर प्रसन्न चेहऱ्याने उभे. मला एवढंच कळलं की आता खोली गेली, आणि सरांना बोलवणारं खोलीत दुसरं कुणी नाही.

"सर," मी म्हटलं. तो आवाज माझाच होता का, कोण जाणे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थांबले. सरांनी वळून बघेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "सर, ताटातलं बिघडलंय. परत काढा."

गृहस्थांनी हातातला वडा बशीत ठेवला.

सरांनी पडद्याकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले. डेटा, कंस, विमेन, कंस. मग परत नाव. आणि बारीक बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा पडद्यावर अमेरिकेच्या पंधरा जणी ओळीने उभ्या होत्या, बिननावाच्या, जशा दर जूनला असतात.

"इंटरनेट चालू आहे इथे?" बाईंनी विचारलं.

"ना," सर म्हणाले. "हां पुरूमेंत."

बाई गोव्यातल्याच, सासष्टीकडच्या असाव्यात. त्या खळखळून हसल्या. मग अर्धा तास सरांनी माळ्यावरची एकेक बरणी काढून दाखवली. आधी यादी, सगळी, मोठ्याने. ह्या वेळी मॅडमनी अडवलं नाही.

संध्याकाळी बंद करताना कॉम्प्युटरने विचारलं, आजचं ठेवू का? सर इतके हबकले होते की अमेरिकेच्या बायका पुन्हा कुठे जाऊ नयेत म्हणून त्यांनी "हो" दाबलं. तेही आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सरांना बोलावलं. मी चहा घेऊन गेले आणि बश्या पुसत राहिले.

"कमिटीने लिहिलंय, इंटरनेटशिवाय चालणारी कॉलेजातली एकच खोली," मॅडम म्हणाल्या. "खोली राहू दे तुमच्याकडे. यंत्रांचं मी बघते." मग कागदपत्रं सारखी करत, "सर, कालच्या त्या आधीच्या यादीत... माझा आकडा कुणी घातला?"

सर खोटं बोलत नसत. "मुलींनी, मॅडम. अंदाजान."

"अंदाजाने?"

"हय."

मॅडमनी सारखी केलेली कागदपत्रं पुन्हा सारखी केली. "मुली हुशार आहेत," त्या म्हणाल्या. पोरींनी भीतीपोटी आकडा बराच खाली धरला होता.

सर खुशीत वर्गात आले, तर सुचिता रडत होती. तिने कॉम्प्युटर उघडून बघितला होता. तिच्या बायका गेल्या होत्या. सरांच्या "हो"ने त्यांच्यावर अमेरिकेच्या बायका कायमच्या बसल्या होत्या. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. काट्यावरून थेट मोबाइलवर, मोबाइलवरून थेट आत, आणि मोबाइलवरचं पुसून टाकलेलं.

"परत काढ," सर सवयीने म्हणाले.

"कुठून काढू सर? त्यांची बरणीच नाही."

सर खुर्चीवर बसले. मग विचारलं, "चपलो काढून उबी केल्लीस?"

"हो सर."

"साड्यो ओल्यो आसल्यो?"

"काही जणींच्या. मी लिहिलं होतं बाजूला, कोणाची ओली ते."

"बाजूक बरयल्लां?" सर म्हणाले. ते त्यांना कुठेतरी लागलं. उठून त्यांनी वायरवरचा रेनकोट काढला, अंगात घातला आणि म्हणाले, "चला. परत मोजूया."

सगळ्या कॉलेजने ते बघितलं. बायांचं वजन पुरुषाने बघू नये म्हणून सर कॅन्टीनच्या भिंतीकडे तोंड करून, रेनकोट घालून, उभे. मागून सुचिता कानात आकडा सांगायची आणि सर भिंतीला विचारायचे, "पायात पैंजण?" मी परत काट्यावर चढले. ह्या वेळी प्राचार्य मॅडमही आल्या, हसत, पदर खोचून. काट्यावर उभ्या राहिल्या, खाली वाकून बघितलं आणि उतरल्या.

"काटा बिघडलाय," त्या म्हणाल्या.

"परत मोजूया, मॅडम," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

"नको."

म्हणून आमची यादी चौदाचीच राहिली. सरांनी तिला वेगळं नाव दिलं, अमेरिकेच्या बायकांवर बसू नये असं. पुढे तासाला यादी वाचून संपली की ते क्षणभर थांबायचे आणि पडद्यावर नसलेलं आमच्या यादीचं नावही शेवटी म्हणायचे. मागच्या बाकावरच्या मुली तिथे मोठ्याने टाळी द्यायच्या.

सर निवृत्त झाले त्याला आता काही काळ झाला. खोलीत सरांच्या जागी आलेल्या मॅडम शिकवतात. निळी वायर परत भिंतीत गेली आहे. पळायचा पट्टा अजून व्हरांड्यातच आहे, त्याच्यावर मी फडकी वाळत घालते.

गेल्या थंडीत एका सकाळी फोन आला.

"बाय."

मग काही नाही. फोन कटला असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. मी म्हटलं, "आहे, सर."

"मोजूंक गेल्लों," सर म्हणाले.

"काय मोजायला?"

"कासवां. पोरां आसत हंय, त्यांच्यावांगडा. पहाटपासून रेतीर बसलों."

"किती आली?"

"एकूय ना." समुद्राचा आवाज येत होता. "कॉम्प्युटरार शून्य मांडलां, बाय. पण खंयच्याच बरणीतलां न्हय. म्हजां स्वताचां."

मला हसू आलं. मग विचारलं, "सर, कॉम्प्युटरने विचारलं का, ठेवू म्हणून?"

"विचारलां."

"मग?"

"हो दाबलां," सर म्हणाले.